तिप्पण्णाची होडी

हिप्परग्याच्या तलावाकाठी चनमल्लप्पाचं थोडंसं रान होतं आणि रानात पत्र्याची एक खोली. बायको होती तोवर त्या खोलीत पेंडीची रिकामी पोती आणि एक मोडका नांगर याखेरीज काही नसायचं. सिद्धम्मा गेली आणि वर्षाच्या आत चनमल्लप्पाच तिथं राहायला गेला.

तसं सोलापुरात मंगळवार पेठेत त्याचं घर होतं. सरकी-पेंडीचं चालतं दुकान होतं. दुकान आता मुलगा, शिवयोगी, बघत होता. "अप्पा, तुम्ही नुसतं गादीवर बसा की," असं तो म्हणायचा, आणि खरोखरच नुसतं बसण्यापलीकडं बापाला काही करू द्यायचा नाही. गिऱ्हाईक आलं की थेट शिवयोगीकडं जायचं. जाताना चनमल्लप्पाला नमस्कार करायचं, भिंतीवरच्या तसबिरीला करावा तसा. घरात सून महादेवी होती, वेळच्या वेळी ताट होतं, कशाला उणं नव्हतं. पण सिद्धम्मा त्याच्याशी कानडीत बोलायची. ती अक्कलकोटच्याही पलीकडची. पोराला, सुनेला कानडी कळायची, पण तोंडात मराठीच बसलेली. तिच्यामागं त्या घरात "ऊटा आत?" म्हणजे जेवलात का, असं विचारणारं कोणी उरलं नाही. जेवायला मिळत होतं, पण विचारणं गेलं होतं.

म्हणून तो रानात आला. सोमवारी तेवढा सायकलीवर गावात जायचा, सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचा, घरी जेवायचा, महादेवीनं बांधून दिलेल्या कडक भाकरी नि शेंगाची चटणी घेऊन उन्हं कलायच्या आत परत.

तिप्पण्णाची नि त्याची ओळख भांडणातून झाली. तिप्पण्णा भोई. काठावरच झोपडी, बायको मथुराबाई, पोरी लग्न होऊन गेलेल्या, आणि एक लाकडी होडी. एका सकाळी चनमल्लप्पा पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून बाहेर आला, तर त्याच्या कुंपणावर ओली जाळी वाळत घातलेली. जाळ्यात अडकलेल्या बारक्या मासळीवर माश्या घोंघावत होत्या. लिंगायताच्या दारात मासळी! चनमल्लप्पा तापला. तोंडाला येईल ते बोलला. तिप्पण्णानं मुकाट्यानं जाळी गोळा केली आणि पाठ फिरवून जाताजाता ओठातल्या ओठात एक शिवी हासडली. अस्सल कानडी शिवी. चनमल्लप्पाच्या आज्याच्या तोंडची. ती त्यानं पोरपणानंतर कधी ऐकली नव्हती.

तो एकदम हसायला लागला. तिप्पण्णा घाबरून वळला.

"याव ऊरु?" चनमल्लप्पानं विचारलं. कुठल्या गावचा रे तू?

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. संध्याकाळी तिप्पण्णा होडी घासून धुवायचा, आडव्या फळीवर स्वच्छ पोतं टाकायचा आणि हाक मारायचा, "या अण्णा." चनमल्लप्पा धोतर आवरून बसायचा. होडी तलावाच्या मध्यावर जायची, तिप्पण्णा वल्हं आत घ्यायचा आणि मग दोघं बोलायचे. काय बोलायचे? पाऊस, पिकं, गावाकडच्या जत्रा, मेलेली माणसं. चनमल्लप्पा सिद्धम्माबद्दल कोणाशी बोलला नव्हता, तो पाण्यावर बोलायचा. चनमल्लप्पाला पोहता येत नव्हतं, मासळीचा वास सोसत नव्हता, पण दिवस कसा संध्याकाळकडं सरकत जातो याची त्याला पुन्हा गोडी लागली.

बाहत्तर साली पाऊस झालाच नाही. तलावात नवं पाणी आलं नाही, जुनं होतं ते ओसरत चाललं. मासळी संपली. फाल्गुनात तिप्पण्णा एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मागं डोक्यावर बोचकं घेतलेली मथुराबाई.

"अण्णा, निगालो. उजनीला धरणाचं काम चाललंय. धाकटी पोरगी नि जावई तितंच हायत. पाऊस पडला की येतो."

"जा बाबा. हितं राहून काय खाशील?"

"एक काम होतं." तिप्पण्णानं डोकं खाजवलं. "नाव तेवढी बघा. उनाळाभर पाण्यातच ठेवा. वर काडू नका. लाकूड वाळलं की फळ्या आखडत्यात, सांदं उगडत्यात. मग ती नाव न्हाय ऱ्हात, चाळण होती. पाणी मागं सरलं की तिलाबी मागं सरवायची. लई काय न्हाय."

"ठेवतो की," चनमल्लप्पा म्हणाला. "काळजी सोड."

मथुराबाईनं त्याला वाकून नमस्कार केला. दोघं बांधावरनं सडकेकडं गेली. धूळ उठली, बसली. चनमल्लप्पा काठावर जाऊन होडीपाशी उभा राहिला. दोरानं दगडाला बांधलेली होडी जागच्या जागी हलत होती. त्याला वाटलं, म्हैस सांभाळण्यापेक्षा हे सोपं. हिला चारा नको की पेंड नको.

सोपं नव्हतं. चैत्राच्या उन्हात पाणी काठ सोडून असं पळायला लागलं की सकाळी तरंगत असलेली होडी दुसऱ्या दिवशी एका कुशीवर चिखलात कललेली दिसायची. चनमल्लप्पा धोतराचा काचा मारून उतरायचा, खांदा लावून तिला पाण्यात ढकलायचा. आयुष्यभर दुकानात बसलेला माणूस. पहिल्या आठवड्यातच पाठ धरली, तळहाताला फोड आले. तरी सकाळी उठल्याबरोबर, तोंडसुद्धा न धुता, तो आधी होडीकडं नजर टाकायचा.

एकदा त्यानं घाई केली. चिखल वरून वाळलेला दिसत होता म्हणून सरळ पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेला. एक पाय काढायला जावं तर दुसरा खाली. बघताबघता कमरेपर्यंत. त्यानं हाक मारली. कोणाला मारली हे त्याचं त्यालाच कळलं नाही. समोर वाळून भेगाळलेला तलाव, वर घारी. हिप्परगा लांब, सडक त्याहून लांब. पुन्हा हाक मारली, तर आवाज बाहेर पडून कुठंच पोचला नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण इथं मेलो तर सोमवारपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. होडीचा दोर हाताला लागत होता. त्यानं तो मनगटाला गुंडाळला, छाती चिखलावर टेकली आणि पालीसारखा सरपटत, दोर ओढत होडीपर्यंत आला. काठ धरला. होडी त्याच्या वजनानं कलली, पण धरून राहिली. बराच वेळ तो तसाच तिच्या अंगाला मिठी मारून पडला होता. गळ्यातलं लिंग चिखलानं भरलं होतं, ते आधी पाण्यानं धुतलं, मग तोंड.

हे त्यानं घरी सांगितलं नाही. पण सोमवारी महादेवीनं ताट वाढताना नाक मुरडलं नाही तरी मान जरा वळवली. जेवण झाल्यावर म्हणाली, "मामा, धोतर बदलून जावा. ते राहू द्या, मी धुते. वास येतोय."

"चिखलाचा आहे."

"व्हय, चिखलाचाच," ती म्हणाली.

शिवयोगीला मात्र राहवलं नाही. "अप्पा, पेठेत लोक काय बोलतात माहीत आहे का? चनमल्लप्पा शेट मासे धरायला लागले म्हणून. परवा मठात मला तोंडावर विचारलं एकानं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? एका भोयाची होडी माझा बाप राखत बसलाय, हे सांगू?"

"तेच सांगायचं. खरं आहे की."

"पण कशासाठी, अप्पा? तो तुमचा कोण लागतो?"

कोण लागतो? भाऊ नाही, भाऊबंद नाही, जातीचा नाही, गिऱ्हाईकसुद्धा नाही. तो पायऱ्या उतरला, सायकल काढली. "त्याची वस्तू माझ्यापाशी आहे," एवढंच म्हणाला. रस्ताभर त्याच्या मनात मुलाचा प्रश्न वाजत राहिला, आणि तुळजापूर नाका ओलांडेपर्यंत त्याला त्या प्रश्नाचा रागही येईनासा झाला. पोरगा काही वाईट बोलला नव्हता.

चैत्र सरताना बिरप्पा धनगर मेंढरं घेऊन तलावाच्या पोटात उतरला. ओल होती तिथं थोडं हिरवं उगवलं होतं. चनमल्लप्पाला होडी ढकलताना बघून तो काठी टेकून उभा राहिला.

"अण्णा, असं रोज वीत-वीत सरकवून काय हुतंय? मदी जुन्या नदीचं पात्र हाय. तितं पाणी लई दिस टिकंल. एकदाच न्हिऊन टाका की."

"एकट्याला नेता येत नाही."

"मग मी काय देव हाय का? धरा तिकडनं."

बिरप्पानं आपल्या दोन पोरगेल्या नातेवाइकांना हाळी घातली. मेंढरं कोंडायच्या वाघरीचे दोर आणले. चौघांनी मिळून ओढत, ढकलत, शिव्या घालत, हसत होडी आदिला नदीच्या जुन्या पात्रात नेली. तलाव बांधायच्या आधी तिथून नदी वाहायची, ती आता तलाव आटल्यावर पुन्हा दिसायला लागली होती. चनमल्लप्पाला त्या दिवशी फार बरं वाटलं. त्यानं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. बिरप्पा आठ-पंधरा दिवस जवळपास होता. अधूनमधून बसायला यायचा, "ही नाव फोडून सरपण केलं तर सुगी होईल तुमची," अशी थट्टा करायचा. मग हिरवं संपलं आणि मेंढरं दक्षिणेकडं, कर्नाटकात निघून गेली. चनमल्लप्पा टेकाडावर उभा राहून बघत होता. कळपाची घुंगरं खूप लांबपर्यंत ऐकू येत होती.

आता खोलीपासून होडीपर्यंत चालत जायलाच वेळ लागायचा. वैशाखात तो सकाळीच पाण्याची घागर, भाकरी आणि छत्री घेऊन जायचा आणि होडीच्या सावलीत बसायचा. होडीला सावली ती किती? ऊन सरकेल तसा तोही सरकायचा. तिप्पण्णाचा निरोप आला नव्हता. उजनीकडून येणाऱ्या एस्टीच्या एका कंडक्टरला त्यानं गावात गाठून विचारलं होतं, तर तो म्हणाला, "काका, तिथं हजारो माणूस कामाला आहे. तिप्पण्णा म्हणून कोणाला विचारू?" बरोबरच होतं.

एके दिवशी तो पोचला तर होडीजवळ एक बाई कुऱ्हाड घेऊन उभी. जवळच दुष्काळी कामावर खडी फोडायला माणसं आणली होती, त्यांतली ती असावी. पदर कमरेला खोचलेला, हात दगडाच्या पिठीनं पांढरे.

"बाई! काय करतेस?" तो लांबूनच ओरडला.

ती दचकली नाही. "टाकून दिल्याली हाय न्हवं का? जळणाला न्हेते."

"टाकलेली नाही. हिचा मालक आहे."

"कुटं हाय?"

"उजनीला गेलाय. येणार आहे."

बाईनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि धापा टाकत आलेल्या म्हाताऱ्याकडं नीट बघितलं. तिचं नाव सोजरबाई. करमाळ्याकडची. "उजनीलाच गेल्ता व्हय?" ती म्हणाली. "माजाबी गेलाय तितंच. गेला म्हंजे गेलाच. मी हितं खडी फोडती, सरकारची सुकडी खाती. तुमचा तरी येईल असं वाटतंय का?"

"येईल की. म्हणून तर सांगून गेलाय."

"सांगून सगळीच जात्यात, बाबा."

ती त्याच्या घागरीतलं पाणी प्यायली. मग होडीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "हितं बगा. वरनं तडकाया लागली. खाली वलं नि वर वाळल्यालं, मग तडकंल न्हाय तर काय? आमी उनाळ्यात गाडीची चाकं पाण्यात बुडवून ठिवतो, आख्खी. अर्दी भिजवून काय उपेग?"

चनमल्लप्पानं वाकून बघितलं. खरंच, पाण्याच्या रेघेच्या वर केसासारख्या भेगा गेल्या होत्या. त्यानं बाईला खोलीकडं नेलं आणि आपल्या कुंपणाचे बाभळीचे मेढे उपटून, मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिली. कुंपण राखायला आता रानात होतंच काय? ती दोनदा आली, उरलेलं कुंपणही घेऊन गेली. पुढं तिची टोळी दुसऱ्या कामावर गेली आणि ती पुन्हा दिसली नाही.

होडी बुडवायची, हे मात्र त्याच्या डोक्यात बसलं. पण माणूस ज्या वस्तूला तरंगती ठेवायला दोन महिने झिजला ती स्वतःच्या हातानं बुडवायची, हे सोपं नसतं. चार-पाच दिवस त्यानं ढकलले. मग एका सकाळी पात्रातले गोटे वेचायला लागला. एकेक गोटा पोटाशी धरून आणायचा, होडीत हळूच ठेवायचा, फळीला धक्का लागू नये म्हणून खाली पोतं. दुपारपर्यंत होडी काठोकाठ पाण्यात दबली. बांधायच्या दोराला त्यानं आणखी दोर जोडून टोकाला डालड्याचा झाकण लावलेला रिकामा डबा बांधला, खूण राहावी म्हणून. मग तांब्यानं पाणी आत ओतायला लागला. एक तांब्या, दुसरा, तिसरा. होडी थरथरली, एका बाजूनं पाणी आपसूक आत शिरलं आणि ती हळूच, सरळ, बसल्यासारखी खाली गेली. गढूळ बुडबुडे वर आले आणि थांबले.

सिद्धम्माला पुरताना तिला खड्ड्यात अशीच बसती ठेवली होती. लिंगायतांची तीच रीत. विभूती, बेलाची पानं, मग माती. त्या दिवशी घरभर माणसं होती आणि चनमल्लप्पा कोरडा राहिला होता. आता भर दुपारी, उघड्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा राहून तो रडला. मोठ्यानं रडला. ऐकायला कोणी नव्हतं, तेव्हा आवरायचंही कारण नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट गेले. होडी दिसत होती तोवर बघायला काहीतरी होतं. आता एक डबकं आणि त्यावर डालड्याचा डबा. तरी तो जायचा. पाणी आटतच होतं. ज्येष्ठात एक दिवस होडीची कड पुन्हा पाण्यावर आली, म्हशीची पाठ दिसावी तशी. त्यानं अंगावरचं उपरणं ओलं करून तिच्यावर टाकलं, पण उपरण्यानं काय होतंय? खोलीत होती ती सगळी पोती तो रोज ओली करून घालत होता, तीही उन्हानं विरायला लागली.

सोमवारी तो गावात गेला तेव्हा जेवता जेवता उगाच म्हणाला, "दुकानात जुनी पोती असतील तर बघा." कशाला हवीत हे सांगितलं नाही. शिवयोगी ताटाकडं बघत जेवत राहिला. चनमल्लप्पाला वाटलं, ऐकलंच नसेल.

बुधवारी भर उन्हात सडकेवरून एक सायकल येताना दिसली. मागच्या कॅरिअरवर पोत्यांचा उंच गठ्ठा, हँडलला दोन्हीकडं पोती. शिवयोगी घामानं निथळत होता. पायातल्या चपला हातात घेऊन तो तलावाच्या पोटातून चालत आला. बुडालेल्या होडीकडं बघितलं, बापाच्या हातांकडं बघितलं. ते हात त्याच्या ओळखीचे राहिले नव्हते.

"हेच का?" तो म्हणाला.

"हेच."

मुलानं धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला. दोघांनी मिळून पोती भिजवली, होडीच्या कडेवर दुहेरी घातली, वर गोटे ठेवले. जाताना शिवयोगी म्हणाला, "अप्पा, पाऊस लागला की घरी या. निदान रात्री तरी."

"बघू."

"बघू नका. या."

आणि सायकलीवर बसून गेला. चनमल्लप्पा त्याच्या पाठीकडं बघत राहिला. खांदे थेट सिद्धम्माच्या भावासारखे होते. इतक्या वर्षांत हे कधी त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या साली पाऊस बरा झाला. पात्र भरलं, तलावाच्या तळावर पाणी पसरलं, डालड्याचा डबा वर वर येत राहिला. आषाढ गेला, श्रावण गेला. तिप्पण्णाच्या झोपडीचं छप्पर पावसानं बसलं. रोज सडकेकडं बघायची चनमल्लप्पाची सवय हळूहळू मोडली. घरी राहायलाही तो गेला नाही. शिवयोगीनं आग्रह केला, यानं आज-उद्या केलं.

भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या सुमाराला, एक माणूस खाकी शर्ट-पँट घालून, पायात बूट, दाराशी येऊन हसत उभा राहिला. चनमल्लप्पानं आधी ओळखलंच नाही.

"ऊटा आत, अण्णा?"

तो तिप्पण्णा होता. थोडा जाड झाला होता. चनमल्लप्पानं त्याला बसवलं, चहा ठेवला, आणि कपबशी त्याच्यापुढं जमिनीवर ठेवली. तिप्पण्णा बोलत सुटला. धरणावरच्या पंपावर राहिलोय, साहेब कायम करतो म्हणालाय, पत्र्याची का होईना खोली मिळालीय, मथुरा खूश हाय, नात झाली. हितं धाकट्या भावाच्या पोरीच्या लग्नाचं बघाया आलोय, संध्याकाळच्या गाडीनं परत.

"म्हणजे राहायला नाही आलास?"

"आता कुटलं, अण्णा! हितं काय हाय?"

चनमल्लप्पानं चहा ढवळला. मग म्हणाला, "आणि होडी?"

"कुटली?" तिप्पण्णा क्षणभर गोंधळला. "आवो, ती? ती अजून हाय?"

चनमल्लप्पा उठला आणि काठाकडं चालू लागला. तिप्पण्णा मागोमाग आला. पाण्यावर लांब तो डबा डुलत होता. चनमल्लप्पानं बोट दाखवलं. "त्याच्या खाली आहे. गोट्यांनी बुडवली. वरून तडकत होती."

तिप्पण्णानं बूट काढले, कपडे काढून काठावर ठेवले आणि पाण्यात शिरला. पोहत डब्यापर्यंत गेला, बुडी मारली. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. एकेका बुडीला गोटे बाहेर काढत होता. एकदा तो इतका वेळ वर आला नाही की चनमल्लप्पा गुडघाभर पाण्यात शिरून त्याचं नाव घेऊन ओरडायला लागला. मग पाणी ढवळलं, आणि तिप्पण्णाच्या डोक्याबरोबर होडीचं पुढचं टोक वर आलं, शेवाळानं हिरवं, पाणी ओघळत.

त्यानं ती दोरानं काठाला आणली. दोघांनी पाणी उपसलं. तिप्पण्णा तिच्या पोटात वाकून एकेका सांध्यावरून अंगठा फिरवत गेला. कुठंही थेंब झिरपत नव्हता. तो तसाच ओल्या अंगानं खाली बसला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी नुसतं जाता जाता बोललो हुतो. मला वाटलं, तुमी कवाच फोडून जाळली आसंल. दुसऱ्या कुणीबी जाळली आसती."

"तू ठेवा म्हणालास. मी ठेवली."

यापुढं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चिखल, बिरप्पा, कुऱ्हाडवाली बाई, ज्येष्ठातली दुपार. ह्या सगळ्याची गोष्ट एका संध्याकाळी पाण्यावर बसून तिप्पण्णाला सांगायची, हे चनमल्लप्पानं उन्हाळाभर मनात धरलं होतं. पण समोरच्या माणसाला गाडी गाठायची होती.

"तुमीच ठिवून घ्या," तिप्पण्णा कपडे घालताना म्हणाला.

"मी काय करू? मासे धरू?"

दोघंही हसले. अगदी पहिल्या दिवशीसारखं नाही, पण हसले. निघताना तिप्पण्णा त्याच्या पाया पडला आणि उठताना डोळे पुसले. सडकेपर्यंत दोघं बरोबर गेले. एस्टी आली, तिप्पण्णा चढला, खिडकीतून हात हलवला. कंडक्टरनं घंटी मारली.

चनमल्लप्पा परत आला तेव्हा ऊन मऊ झालं होतं. होडी काठाला लागलेली. वल्हं खोलीत पत्र्याखाली खोचून ठेवलेलं होतं, ते त्यानं काढून आणलं. होडी धुवायची राहिली होती, शेवाळाचा आणि जुन्या मासळीचा वास येत होता. तो तसाच काठ धरून आत चढला, खाली ओल्या फळीवर बसला आणि वल्ह्यानं काठाला रेटा दिला.

वल्हवणं बघायला सोपं असतं. त्यानं उजवीकडं जोर लावला की होडी डावीकडं तोंड फिरवायची, डावीकडं लावला की उजवीकडं. ती गोल गोल फिरायला लागली. काठ आला, गेला, खोली आली, गेली. धोतर भिजलं. एकदा तोल जाऊन तो पालथा पडता पडता वाचला, आणि पोहता येत नाही हे त्याला तेव्हा आठवलं. तिप्पण्णा असता तर पोट धरून हसला असता. चनमल्लप्पा स्वतःच हसला, थोडंसं, आणि ते हसू पाण्यावर एकटंच ऐकू आलं तसा गप्प झाला.

वारा होडीला हळूहळू पलीकडं नेत होता. त्यानं वल्हं आत घेतलं आणि नेऊ दिलं. पलीकडच्या काठाला गवत कापणाऱ्या दोन बाया उभ्या होत्या. भारे बांधून झालेले, आणि घरी जायला तलावाला पूर्ण वळसा. होडी त्यांच्यापुढं येऊन चिखलाला टेकली.

"अप्पा, पल्याड सोडता का?" एकीनं विचारलं.

"मला वल्हवता येत नाही," चनमल्लप्पा म्हणाला.

"मला येतंय थोडं," दुसरी म्हणाली. तिनं भारा आत टाकला आणि त्याच्या हातातून वल्हं घेतलं. "सरका जरा तिकडं."

तो सरकला.